साडेतीन फुटी चिनी कपाट

कपाट साडेतीन फुटी होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते पाच फुटी असल्याचा आणि मी ते गुपचूप वाढवल्याचा आरोप झाला. कपाट वाढलं हे खरं, पण ते मी वाढवलं नाही. ज्यांनी वाढवलं त्यांची नावं मला माहीत आहेत, आणि त्यातलं पहिलं नाव प्रेबेनचं आहे.

प्रेबेन आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. शाळेत कसरतीचा मास्तर होता. आता निवृत्त आहे, आणि डेन्मार्कातल्या आमच्या होर्सेन्स गावात निवृत्त मास्तराला करण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे तो जिन्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देतो. सल्ला ऐकल्याशिवाय वर जायचं तर आमच्याकडे लिफ्ट नाही.

प्रश्न माझ्या मुलीचा होता. सिग्ने सात वर्षांची. आई वेनछी चिनी, बाप डॅनिश, म्हणजे मी, एस्बेन. पोरीला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत असं आम्ही ती जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. डॅनिश तिला इतकी फर्डी येते की शाळेतल्या बाई तिच्याशी वाद घालायच्या आधी पाणी पिऊन घेतात. चिनी मात्र तिच्या तोंडून दोनच वाक्यं निघायची. दर रविवारी यांगचौहून तिच्या आजीचा व्हिडिओ कॉल येतो. आईच्या आईला तिकडे वाइपो म्हणतात. सिग्ने फोनसमोर यायची, "नमस्कार वाइपो, माझं पोट भरलं," एवढं चिनीत म्हणायची आणि सोफ्यावर आईच्या मांडीला डोकं लावून पडून राहायची. पुढचा तासभर मायलेकी बोलायच्या.

वाइपोने फेब्रुवारीत, त्यांच्या नव्या वर्षाला, आमच्याकडे यायचं ठरवलं होतं. पहिल्यांदाच, आणि गुडघ्यांकडे बघता बहुधा शेवटचं. मग एका रविवारी ती लेकीला म्हणाली, "एवढं लांब येऊन करू काय? पोर माझ्याशी बोलत नाही. नुसतं बघायचंच असेल तर ती इथेही दिसते की."

वेनछीने मला हे हसत हसत सांगितलं. पण सांगताना ती सिंकपाशी तोंड करून उभी होती आणि घासलेलाच कप परत घासत होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस. हे काम माझ्यावर सोड." ती पटकन वळली आणि म्हणाली, "नको रे." बायकोचं ऐकायला हवं होतं, पण तोवर मी कामाला लागलो होतो.

पहिला उपाय म्हणून रात्रीच्या जेवणाला फक्त चिनी बोलायचं असा मी नियम केला. परिणाम असा झाला की वेनछी एकटी बोलायची, मी सोमवारच्या संध्याकाळच्या क्लासात शिकलेली वाक्यं म्हणायचो, म्हणजे "हा भात आहे", "हे टेबल मोठं आहे", आणि सिग्ने मान खाली घालून बकाबका जेवून "माझं पोट भरलं" म्हणून पळायची. एकदा तिने मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने सांगितलं, "बाबा, तू चिनी बोललास ना की मला पोटात कसंतरी होतं." माणसाने या वयात नवी भाषा शिकावी आणि पोटच्या पोरीने असं म्हणावं. मी हे मनाला लावून घेतलं नाही. दोन दिवस फक्त तिच्याशी कमी बोललो.

दुसऱ्या मजल्यावरची नुरगुल म्हणाली, "अरे, माझ्या दोन्ही पोरांना तुर्की सगळं कळतं, उत्तर मात्र डॅनिशमध्ये. फक्त भांडताना आपोआप तुर्कीवर येतात. सिग्नेला भांडायला काहीतरी दे." हा काय सल्ला झाला? मी शांतताप्रिय माणूस आहे. आमच्या घरी भांडण झालं तर मी आधी खिडक्या लावून घेतो.

वेनछीचं म्हणणं एकच. "तिच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. कान बघ तिचे." कान मी बघितले. ते स्वच्छ होते.

तेव्हा मी पुस्तकांकडे वळलो. वेनछीच्या मावसभावाने यांगचौहून चिनी बालपुस्तकांचं मोठं खोकं पाठवलं. ते पार्सल ऑफिसात अडकलं. त्यात एक बदकाचं पुस्तक होतं, त्याच्या पोटावर दाबलं की ते बदकासारखं ओरडायचं. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, "आवाज करतं म्हणजे हे खेळणं. खेळण्याला सुरक्षिततेचा दाखला लागतो."

मी म्हणालो, "पण त्यात पानं आहेत, गोष्ट आहे."

"मग वाचून दाखवा."

मागे रांग होती. मी वाचायला लागलो. पहिल्या पानावरच्या पाचांपैकी तीन अक्षरं मला आली. उरलेल्या दोन ठिकाणी मी बदक दाबलं. बाईंनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि खोकं पुढे सरकवलं. रांगेतला एक माणूस हळूच टाळ्या वाजवत होता.

पुस्तकं घरी आली आणि सिग्नेने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. इथे जिन्यात प्रेबेनने मला गाठलं. "घरात ठेवलीस तिथेच चुकलास," तो म्हणाला. "पोरांना घरी जे नको असतं तेच बाहेर गोड लागतं. माझा पोरगा घरी बीटाला हात लावायचा नाही, शेजारी जाऊन बरणी संपवायचा. पुस्तकं खाली सोसायटीच्या हॉलमध्ये ठेव. बाकीची पोरं चाळतील, मग ही पण येईल."

मला हे पटलं. प्रेबेनचा सल्ला पटणं ही धोक्याची खूण असते, पण तेव्हा घाई होती.

हॉलमध्ये खुर्ची सरकवायची तरी कमिटीची परवानगी लागते. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष युट्टेबाई. सरळ पाठीच्या, सरळ भांगाच्या, आणि नियम त्यांना क्रमांकासकट पाठ. मीटिंगला कॉफी होती, दालचिनीचे रोल होते, आणि पुस्तकांसाठीचं माझं कपाट होतं आयत्या वेळच्या विषयांत, म्हणजे सगळे घरी जायला उठले होते तेव्हा. युट्टेबाईंनी मोजपट्टी आणली होती. आग लागल्यास बाहेर पडायच्या वाटेत कपाट येतं का, हे त्यांनी स्वतः प्रेबेनला धावायला लावून तपासलं. प्रेबेन दोनदा नीट गेला आणि तिसऱ्यांदा, आपण अजून चपळ आहोत हे दाखवायला, कपाटावरून उडी मारायला गेला. त्याच्या गुडघ्याला बर्फ लावेपर्यंत मीटिंग तहकूब झाली.

"माझी हरकत नाही," युट्टेबाई शेवटी म्हणाल्या. "पण फक्त चिनीच का? या इमारतीत इतक्या भाषा बोलल्या जातात. एकाला ठेवू दिलं की सगळ्यांना ठेवू दिलं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. न्यायाची गोष्ट निघाली की आमच्याकडे सगळे फार लवकर माना डोलावतात. आठवड्याभरात नुरगुलने तुर्की गोष्टी आणून ठेवल्या. तळमजल्यावरच्या पोलिश कुटुंबाने चेटकिणींची पुस्तकं आणली. कोणीतरी फॅरो बेटांवरच्या मेंढ्यांचं पुस्तक ठेवलं, ते कोणाचं हे आजवर कळलेलं नाही. प्रेबेनला दुसरी कुठलीच भाषा येत नसल्यामुळे त्याला आपण मागे पडलो असं वाटलं, म्हणून त्याने त्याच्या बोटीच्या इंजिनाची जर्मन माहितीपुस्तिका आणून मधोमध लावली. जागा पुरेना, तेव्हा त्यानेच दोन फळ्या ठोकल्या. पाच फूट झाले ते असे. माझी चिनी पुस्तकं सगळ्यात खालच्या कप्प्यात गेली, आणि आरोप माझ्यावर आला.

आता इतकी पुस्तकं आहेत म्हटल्यावर दर रविवारी एका घराने गोष्ट वाचावी असं ठरलं. आमची पाळी आली तेव्हा वेनछीला कामावर जावं लागलं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मी वाचेन." पण वाइपो यायला फार दिवस उरले नव्हते. मी म्हणालो, "मी वाचतो."

सिग्ने घाबरून म्हणाली, "बाबा, नको ना."

मी सूट घालून गेलो. बदकाची गोष्ट निवडली, कारण तिच्या पहिल्या पानाची माझी तयारी झालेली होती. मी वाचायला लागलो तेव्हा सिग्ने समोर बसली होती. दुसऱ्या पानावर ती टेबलाखाली गेली. मुलं पोट धरून हसत होती. मला वाटलं, गोष्टच विनोदी आहे. मी आणखी रंगात आलो आणि शेवटच्या पानावर बदक इतक्या जोरात दाबलं की ते अडकलं आणि थांबेचना. युट्टेबाईंनी ते बागेत नेऊन बर्फात पुरलं तेव्हा शांतता झाली.

घरी आल्यावर सिग्ने म्हणाली, "मी आता चिनी बोलणार नाही. कधीच नाही." आणि त्या रविवारी वाइपोचा फोन आला तेव्हा तिने पोट भरल्याचंही सांगितलं नाही. करायला गेलो काय आणि झालं काय. आधी पोरीकडे दोन वाक्यं होती, तीही मी घालवली. वेनछी सिंकपाशी गेली आणि घासलेले कप परत घासायला लागली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

वाइपो मात्र आली. तिकीट काढून झालं होतं, आणि मोज्यांच्या कारखान्यात जन्मभर मुकादमी केलेल्या बाईला तिकीट फुकट घालवणं जमत नाही. गुरुवारी विमानतळावर ती लाल कोट घालून बाहेर आली, बुटकी, ताठ, आणि थेट सिग्नेसमोर जाऊन वाकली. "माइमाइ," ती म्हणाली. पोरीचं हे तिने ठेवलेलं नाव; म्हणजे गहू. सिग्नेने हसून हात पुढे केला, आणि तोंड मिटलेलंच ठेवलं. वाइपोने तिचे गाल दोन्ही हातांत घेतले, सोडले, आणि सगळा रस्ता मोटारीच्या खिडकीतून बाहेर बघत आली. मी आरशातून बघत होतो. मला गाडी चालवणं कठीण झालं.

शुक्रवारी जुन्या वर्षाचं शेवटचं जेवण झालं. वर्षभर सगळं उरून पुरावं म्हणून माशाचा थोडा भाग मुद्दाम उरवला. शनिवारी नवं वर्ष लागलं. सिग्ने आजीच्या मागेमागे स्वयंपाकघरात हिंडायची, तिने सोललेलं पपनस खायची, तिच्या शेजारी झोपायची, पण बोलायची नाही. वाइपो बोलत राहायची आणि पोरगी नुसती मान हलवायची. वाइपोला वाटायचं, हिला काही कळत नाही. मग ती आणखी मोठ्याने बोलायची.

रविवारी नव्या वर्षाचा दुसरा दिवस. या दिवशी तिकडे लेकी नवऱ्याला घेऊन माहेरी जातात आणि जावई हातात जोडीजोडीने भेटी घेऊन सासूच्या दारात उभा राहतो. आमच्याकडे माहेरच घरी आलेलं. तरी रीत ती रीत. वेनछीने मला सकाळी दोन मधाच्या बाटल्या, दोन केक आणि दोन कोंबड्या देऊन घराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मला आता बेल वाजवून यायचं होतं. हात भरलेले असल्यामुळे बेल नाकाने दाबायचा माझा प्रयत्न चालू होता तेव्हा प्रेबेन वर आला.

"काढलं का रे शेवटी घराबाहेर?" तो सहानुभूतीने म्हणाला. "पण वाटणीत कोंबड्या तुला मिळाल्या हे चांगलं झालं."

त्याच दुपारी खाली हॉलमध्ये फास्टेलाउन होता. योगायोगाने आमचा हा मुलांचा सण आणि चिनी नवं वर्ष एकाच शनिवार-रविवारी आले होते, तेव्हा कमिटीने दोन्ही एकत्र साजरे करायचं ठरवलं. छताला गोळ्यांनी भरलेलं पिंप टांगलेलं, त्यावर काळं मांजर रंगवलेलं. मुलं सोंगं घेऊन सोट्याने एकेक दणका घालतात. ज्याच्या दणक्याने पिंपाचा तळ सुटतो त्याला मांजरांच्या राणीचा मुकुट. सिग्ने साळू झाली होती, पाठीवर पुठ्ठ्याचे काटे. वाइपोला हे फार आवडलं. नव्या वर्षाला दणदणाट हवाच, इतपत मला तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं.

प्रेबेनला पाहुणचार करायची हौस आली. मी त्याला मागे एकदा जिन्यात सांगितलं होतं की चिनी वडीलधारी माणसं तीनदा नको म्हणतात आणि मग घेतात. अर्धवट माहिती जपून वाटावी. त्याने सोटा वाइपोपुढे धरला. ती हसून नको म्हणाली, मुलांकडे बोट दाखवलं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा तर तिने हात मागे बांधून घेतले. प्रेबेन माझ्याकडे बघून डोळा मारून म्हणाला, "झाले तीन," आणि सोटा तिच्या हातातच कोंबला.

एवढा आग्रह मोडायचा कसा? वाइपोने लाल कोटाच्या बाह्या सारल्या. एकच दणका घातला आणि तळ सुटून सगळ्या गोळ्या सांडल्या. पुढचा नंबर असलेला एक छोटा ड्रॅक्युला ओक्साबोक्शी रडायला लागला. नियम तो नियम म्हणून युट्टेबाईंनी सोनेरी कागदाचा मुकुट वाइपोच्या डोक्यावर ठेवला, आणि वाइपोने ड्रॅक्युलाला मांडीवर घेऊन खिशातली सगळी संत्री त्याला देऊन टाकली.

इथवर सगळं गोड होतं. वेनछी बाओझ वाफवायला वर घरी गेली. ते मऊ भरलेले पाव आल्यावर खाणं होणार होतं. आणि तेवढ्या वेळात आमच्या लोकांनी, कोणी न सांगता, झाडू उचलले.

आमच्याकडे कार्यक्रम झाला की लगेच झाडायला लागायचं असतं. जो बसून राहतो त्याच्याबद्दल वर्षभर बोललं जातं. युट्टेबाईंनी बागेकडचं दार सताड उघडलं आणि गोळ्यांचे कागद, लाकडाचे तुकडे, लाल पताका असा सगळा ढीग झाडत त्या उंबऱ्याकडे न्यायला लागल्या. वाइपो ड्रॅक्युलाला खाली ठेवून ताडकन उठली. गुडघे दुखणारी बाई धावत गेली आणि दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी राहिली. डोक्यावर मुकुट होताच. आणि ती बोलायला लागली.

ती यांगचौच्या बोलीत, मुकादमाच्या आवाजात, श्वास न घेता बोलत होती. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

"काय म्हणते?" युट्टेबाईंनी विचारलं.

मला एक अक्षर कळलं नव्हतं. पण इतक्या लोकांसमोर, सहा हिवाळे क्लासला जाणाऱ्या माणसाने काय करावं? मी म्हणालो, "कार्यक्रम फार छान झाला म्हणते."

"इतकं ओरडून?"

"तिकडे आनंद मोठ्याने व्यक्त करतात."

"मग झाडायला मदत करायची असेल तिला," युट्टेबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा झाडू वाइपोच्या हातात दिला. वाइपोने तो आडवा धरून दार आणखीनच बंद केलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. त्यात माझं नाव होतं.

"मला वाटतं, तिला खुर्ची हवी आहे," मी म्हणालो.

"नको आहे तिला खुर्ची." आवाज टेबलाखालून आला. मग काटे आले, मग सिग्ने आली. तिचे कान लाल झाले होते. "बाबा, तू गप्प बस. तुला काही येत नाही, तू उगाच सांगतोस." ती काट्यांसकट दारापाशी गेली आणि अध्यक्षीणबाईंसमोर उभी राहिली. "युट्टे, झाडू खाली ठेव. नव्या वर्षात केर दाराबाहेर काढायचा नसतो. वर्षाचं सगळं चांगलं त्याच्याबरोबर निघून जातं. वाइपो म्हणते, तुम्ही सगळ्यांनी तिला इतकं चांगलं वागवलं आणि आता स्वतःचंच नशीब बर्फात फेकताय, ते ती बघत बसणार नाही."

युट्टेबाईंनी झाडू खाली ठेवला नाही, पण हलवलाही नाही. "सिग्ने," त्या म्हणाल्या, "आजीला सांग, नियम सात. हॉल झाडून परत द्यायचा."

सिग्ने वळली आणि तोंड उघडलं. दोन वाक्यं नव्हेत, दहा-बारा वाक्यं, सलग, यांगचौच्या बोलीत, हेल आजीचाच. सोफ्यावर पडून रविवारचे सगळे फोन तिने पिऊन टाकले होते. वाइपोचं बोलणं मधेच थांबलं. ती हळूच, पोरांसाठी ठेवलेल्या बुटक्या खुर्चीवर बसली.

"माइमाइ," ती म्हणाली, "परत बोल."

सिग्नेने काहीतरी विचारलं.

"काहीही बोल," वाइपो म्हणाली.

एवढं मला कळलं. सहा हिवाळ्यांत मला नीट कळलेलं ते पहिलं बोलणं, आणि ते माझ्याशी नव्हतं. मी बाहीने डोळे पुसले. प्रेबेनने मला रुमाल दिला. तो बोटीचं इंजिन पुसायचा होता.

पण सिग्नेला रडायला वेळ नव्हता, तिला भांडण निकालात काढायचं होतं. आजीचं म्हणणं ऐकून ती युट्टेबाईंकडे वळली. "वाइपो म्हणते, नियम चांगला आहे. तिच्या कारखान्यातही होता. पण केर कुठे टाकायचा ते नियमात लिहिलंय का?"

युट्टेबाईंनी विचार केला. "नाही. तसं लिहिलेलं नाही."

"मग आत झाडा. कोपऱ्यात. पाचव्या दिवशी बाहेर काढायचा."

"मंगळवारी इथे आमचे पत्ते असतात," प्रेबेन म्हणाला. "केराच्या ढिगाशेजारी बसायचं?"

सिग्नेने भाषांतर केलं, उत्तर आणलं. "वाइपो विचारते, जिंकायला आवडतं का?"

"आवडतं की."

"मग ढिगाच्या जवळ बस."

युट्टेबाई आणि वाइपो एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींच्या पाठी सारख्याच ताठ होत्या. मग युट्टेबाईंनी झाडू उलटा फिरवला आणि दारापासून आत झाडायला सुरुवात केली, आणि वाइपोने दुसऱ्या बाजूने. सगळा केर माझ्या कपाटाच्या पायाशी गोळा झाला. नियम सात पाळला गेला. वेनछी बाओझ घेऊन खाली आली तेव्हा साळू दोघींच्या मधे उभी राहून कुठे कागद राहिला ते दोन भाषांत दाखवत होती. वेनछीच्या हातातलं भांडं मी वेळेवर धरलं.

वर जाताना जिन्यात मी सिग्नेला विचारलं, "अगं, तुला सगळं येत होतं. मग बोलत का नव्हतीस?"

"तू माझ्या तोंडाकडे बघत बसायचास," ती म्हणाली. "परीक्षा असल्यासारखा. आज वाइपोला कोणीच समजून घेत नव्हतं, म्हणून बोलले."

मागून येणारी नुरगुल "भांडण," एवढं स्वतःशी पुटपुटली आणि वर गेली.

मंगळवारी प्रेबेन सगळे डाव जिंकला. बुधवारी, पाचव्या दिवशी, केर काढायला जमलो तेव्हा त्याने लेखी विरोध केला. ढीग कायम ठेवावा असं त्याचं म्हणणं होतं. युट्टेबाईंनी ते आयत्या वेळच्या विषयांत टाकलं. तोवर वाइपो कपाटापाशी बुटक्या खुर्चीवर बसली होती आणि सिग्ने तिला बदकाचं पुस्तक वाचून दाखवत होती. बदक बर्फात राहून बसलेल्या आवाजात ओरडत होतं. सगळ्यात खालचा कप्पा, असं लक्षात आलं, बुटक्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या अगदी हाताशी येतो.

केर उंबऱ्याबाहेर गेला. आता दोन शब्द बोलणं हे जावई म्हणून माझं कर्तव्य होतं. मी तयारी केली होती. सासूबाईंचे आभार, घराला शोभा आली, गुडघ्यांची काळजी घ्या, असं सगळं चिनीत, एका दमात म्हटलं. वाइपोने माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं आणि सिग्नेच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघी एकमेकींवर रेलून हसायला लागल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"वाइपो म्हणते, तू चिनी शिकणं सोडू नकोस," सिग्ने म्हणाली. "पण सुधारू पण नकोस. तू चुकलास की मी बोलते."

सोमवारच्या क्लासला मी अजून जातो. परवा बाईंनी मला थांबवून, माझी काहीच प्रगती दिसत नाही, असं काळजीने सांगितलं. मी त्यांचे मनापासून आभार मानले.